प्रार्थना, वेदना आणि उपचार : कर्करुग्णांच्या आध्यात्मिक स्वास्थ्याचा विचार

मुंबईत परळ येथे १९४१ साली सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात उपचारासाठी येणाऱ्यांमध्ये महाराष्ट्राबाहेरील रुग्णांचे प्रमाण पूर्वीपासूनच मोठे आहे. बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, पश्चिम बंगाल आणि ईशान्येकडील राज्यांतून आलेल्या या कुटुंबांना एकदा तपासणी करून माघारी जाता येत नाही. किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, पाच-सहा आठवडे चालतात. रसायनोपचाराच्या फेऱ्या दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने महिनोन्‌महिने सुरू राहतात. ही मंडळी कोणा नातलगाकडे, भाड्याच्या खोलीत, प्रसंगी पदपथावर आणि जागा मिळाली तर दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी दिवस काढतात. घर, शेत, शेजार, गावचे देऊळ किंवा मशीद हे सारे मागे राहिलेले असते. बरोबर आणलेल्या सामानात मात्र तपासण्यांच्या फायलीशेजारी जपमाळ, पोथी, तसबीर, तावीज किंवा तीर्थाची लहानशी बाटली यांपैकी काहीतरी बहुधा असतेच.

गाडगे महाराजांचे (१८७६-१९५६) नाव या संदर्भात मोठे सूचक आहे. नवससायास आणि पशुबळी यांवर कीर्तनांतून कडाडून टीका करणाऱ्या या संताने देवळांऐवजी धर्मशाळा उभारल्या आणि आजारी, अपंग, भुकेल्या माणसाच्या सेवेतच देव पाहावा असे सांगितले. आजाऱ्याची श्रद्धा आणि आजाऱ्याची शुश्रूषा यांचा परस्परसंबंध कसा असावा, या प्रश्नाचे ते एक उत्तर होते. आधुनिक वैद्यकशास्त्राने हाच प्रश्न गेल्या अर्धशतकात स्वतःच्या पद्धतीने हाताळण्यास प्रारंभ केला आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाने २०२२ या वर्षासाठी केलेल्या अंदाजानुसार देशात त्या वर्षी सुमारे १४ लाख ६१ हजार नवे कर्करुग्ण आढळले असावेत आणि दर नऊ भारतीयांपैकी एकाला आयुष्यात केव्हा तरी कर्करोग होण्याचा संभव आहे. मुख, स्तन, गर्भाशयमुख यांसारखे जे कर्करोग लवकर ओळखता येतात, तेही आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर उशिरा, आजूबाजूच्या भागात पसरल्यानंतर उजेडात येतात. साहजिकच बरे होण्याच्या उपचारांबरोबर वेदना, भीती आणि मृत्यूची चाहूल यांना सामोरे जाण्याचा प्रश्न लाखो कुटुंबांपुढे उभा राहतो. त्या वेळी डॉक्टरांना न विचारलेले कितीतरी प्रश्न देवापुढे मांडले जातात.

संपूर्ण वेदनेची कल्पना

या विषयाला वैद्यकात प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय प्रामुख्याने डॉ. सिसिली सॉन्डर्स (१९१८-२००५) यांना जाते. प्रथम परिचारिका, मग वैद्यकीय समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर अशा तिन्ही भूमिकांतून त्यांनी मरणासन्न रुग्ण पाहिले होते. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस ही संस्था सुरू केली. कर्करुग्णाची वेदना ही केवळ शारीरिक नसते. तिच्यात मनाची, कुटुंबाच्या चिंतेची, पैशाच्या ओढाताणीची आणि जगण्याचा अर्थ हरवल्याची वेदना मिसळलेली असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. यालाच त्यांनी संपूर्ण वेदना म्हटले. सॉन्डर्स स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या. परंतु त्यांच्या संस्थेचे दार कोणत्याही धर्माच्या आणि कोणताही धर्म न मानणाऱ्या रुग्णासाठी खुले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली उपशामक शुश्रूषेची, म्हणजेच पॅलिएटिव्ह केअरची जी व्याख्या केली तीत शारीरिक आणि मनोसामाजिक समस्यांच्या जोडीने आध्यात्मिक समस्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. धार्मिक आचार ही आध्यात्मिक स्वास्थ्याची एक वाट आहे, एकमेव वाट नव्हे. आपल्या जगण्याला काही अर्थ होता, आपण कोणाचे तरी आहोत, झाल्या-गेल्याची क्षमा मागता आणि देता आली, मागे राहणाऱ्यांची व्यवस्था लावता आली ही भावना ज्याला लाभली तो नास्तिक असला तरी त्याचे मन शांत असू शकते. उलट आयुष्यभर नेमाने पूजाअर्चा केलेल्या माणसालाही रोगनिदानानंतर देवाने आपल्याला टाकले असे वाटू शकते. संशोधनात यासाठी वापरली जाणारी बारा प्रश्नांची एक सर्वपरिचित मोजपट्टी आहे. तिच्यात जीवनाचा अर्थ व मनःशांती यांविषयीचे प्रश्न आठ आहेत आणि श्रद्धेविषयीचे चार.

सोवळे, वुजू आणि जखमेचा दर्प

अशा तात्त्विक चर्चेपेक्षा रुग्णाचे प्रश्न पुष्कळ साधे, पण जिव्हारी लागणारे असतात. मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया करून पोटावर मलविसर्जनासाठी छिद्र ठेवले जाते आणि त्यावर पिशवी लावली जाते. रोगाच्या दृष्टीने शस्त्रक्रिया यशस्वी झालेली असते. पण ज्या बाईने तीस वर्षे स्नान करून सोवळ्याने देवपूजा केली, तिला वाटते की आता देवघरात पाऊल टाकण्याचा आपला अधिकार संपला. ज्याने पाच वेळची नमाज कधी चुकविली नाही, त्याला वुजू टिकणारच नाही म्हणून मशिदीत जाणे सोडावेसे वाटते. तपासणीला आल्यावर ही गोष्ट कोणीही आपणहून सांगत नाही. डॉक्टर पिशवी गळते का, कातडी सोलवटली आहे का, एवढेच विचारतात आणि पुढच्या तारखेची नोंद करतात.

वास्तविक, दोन्ही परंपरांमध्ये यावर उत्तरे आहेत. सतत स्राव होणाऱ्या व्यक्तीला इस्लामी धर्मशास्त्रात सवलत दिलेली असून प्रत्येक नमाजेच्या वेळी एकदा वुजू केला की ती नमाज अदा करता येते, असे अनेक धर्मशास्त्रज्ञ सांगतात. हिंदू परंपरेत आपद्धर्माची आणि मानसपूजेची कल्पना आहे. वारकरी पंथात तर नामस्मरणाला सोवळ्याओवळ्याची अटच नाही. पण हे रुग्णाला त्याच्या विश्वासातल्या माणसाने सांगावे लागते. परिचारिकेने पिशवी कशी बदलावी हे शिकवताना पूजेच्या किंवा नमाजेच्या आधी ती रिकामी करण्याची सवय लावून दिली आणि स्थानिक पुजाऱ्याशी अथवा मौलवींशी बोलावयास सुचविले, तर एखाद्या घरातील बंद पडलेली दिवेलागण पुन्हा सुरू होते.

मुख, मान वा स्तन यांवरील उघड्या, चिघळणाऱ्या जखमांची गोष्टही अशीच. त्यांना येणाऱ्या दुर्गंधीमुळे रुग्ण भजनाला, सत्संगाला, चर्चमधील रविवारच्या प्रार्थनेला जाणे थांबवितो. लोकही हळूहळू त्याच्यापासून दूर बसू लागतात. ही दुर्गंधी ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जिवाणूंमुळे येते आणि मेट्रोनिडॅझोल या स्वस्त औषधाच्या गोळ्यांची पूड जखमेवर टाकल्यास ती बव्हंशी आटोक्यात येते. देशातील उपशामक शुश्रूषेच्या प्रशिक्षणात हा उपाय आवर्जून शिकविला जातो. एखाद्या वृद्धेला चार महिन्यांनी पुन्हा देवळाच्या ओसरीवर चार बायकांत बसता आले, तर त्याचे श्रेय प्रवचनाला नव्हे, त्या पुडीला द्यावे लागेल.

स्वरयंत्र काढलेल्या रुग्णाची अडचण आणखी निराळी. त्याचा आवाज गेलेला असतो. आरती, अजान, अरदास, स्तोत्र यांत त्याला सूर मिसळता येत नाही. तो गळ्यावरील छिद्रातून श्वास घेत असल्याने उदबत्ती, धूप आणि होमाचा धूर थेट श्वासनलिकेत जातो. नदीत बुडी मारून स्नान करणे तर त्याच्या जिवावर बेतू शकते. कुंभमेळ्याला किंवा एखाद्या तीर्थक्षेत्री जाण्याची इच्छा असलेल्या अशा रुग्णाला हे कोणीतरी आधी सांगावयास हवे. डोक्यावरून नव्हे तर छातीच्या खाली पाणी घेऊनही स्नान घडते हेही सांगावयास हवे. नळीवाटे अन्न घेणाऱ्याला प्रसाद गिळता येत नाही. ख्रिस्ती उपासनेत अशा रुग्णाला पवित्र भाकरीऐवजी केवळ द्राक्षारसाच्या रूपाने सहभाग घेण्याची मुभा आहे. अन्य परंपरांतही प्रसाद कपाळी लावून तो घरच्या लहानग्याच्या हाती देणे असे सुटसुटीत मार्ग कुटुंबे स्वतःच शोधून काढतात.

काही गोष्टींत मात्र श्रद्धा आणि उपचार यांचा प्रत्यक्ष सामना होतो आणि तेथे स्पष्ट बोलणे भाग असते. सिस्प्लॅटिनसारख्या औषधाने मूत्रपिंडांवर ताण येतो. त्या दिवसांत भरपूर पाणी पोटात जाणे आवश्यक असते. निर्जळी उपवास किंवा रोजा त्या वेळी घातक ठरू शकतो. रमजानच्या उपवासातून आजाऱ्याला कुराणानेच सूट दिली आहे आणि एकादशीला पाणी प्यायल्याने भक्तीत उणे येते असे मानणारे भाविकही आजारपणाचा अपवाद मान्य करतात. रसायनोपचारानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत रक्तातील पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. त्या काळात यात्रेतील गर्दी, न उकळलेले तीर्थ, चिरून ठेवलेली फळे टाळलेली बरी. ताजा शिजविलेला नैवेद्य चालतो. किरणोपचारासाठी त्वचेवर काढलेल्या शाईच्या खुणा अभ्यंगस्नानात पुसल्या जाऊ नयेत आणि त्या भागावर उटणे, विभूती लावू नये हे सणाच्या आठवड्यापूर्वीच सांगितलेले चांगले. गळ्यातला तावीज किंवा ताईत तपासणीपूर्वी काढावा लागतो. तो कात्रीने कापून कचऱ्याच्या डब्यात टाकला गेला, तर रुग्णाच्या मनातला रुग्णालयाबद्दलचा विश्वासही त्याबरोबर गेला असे समजावे. तोच नातेवाइकाच्या हाती आदराने दिला, की काम भागते. यास दहा सेकंदे लागतात.

प्रारब्धाचा प्रश्न

‘माझ्याच वाट्याला हे का?’ हा प्रश्न जगभरचे कर्करुग्ण विचारतात. भारतात त्याचे उत्तर बहुधा कर्माच्या भाषेत शोधले जाते. मागल्या जन्मीचे भोग, प्रारब्ध, नशीब, अल्लाची मर्जी, देवाने घेतलेली परीक्षा असे शब्द निरनिराळे असले तरी त्यांचे कार्य सारखे असते. या कल्पनेला दोन धारा आहेत. एका बाजूने ती स्वीकाराचे बळ देते. जे भोगायचे ते भोगून संपेल, यात कोणाचा दोष नाही, असे मानणारा रुग्ण अनेकदा आश्चर्यकारक शांतपणे उपचारांना सामोरा जातो. दुसऱ्या बाजूने हीच कल्पना शिक्षेचे रूप घेते. गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या स्त्रीला आपल्या चारित्र्याबद्दल लोक काय म्हणतील याची धास्ती असते. वास्तविक, या रोगाचे मुख्य कारण असलेला विषाणू इतका सर्वत्र पसरलेला आहे की पतीखेरीज अन्य कोणाशीही संबंध न आलेल्या स्त्रीलाही त्याची लागण होऊ शकते. खैनी, मिश्री, गुटखा यांमुळे मुखाचा कर्करोग झालेला माणूस स्वतःला आणि घरचे लोक त्याला दोष देत राहतात. दोष देऊन रोग मागे हटत नाही. उलट रुग्ण बोलेनासा होतो.

दिल्लीतील एका मोठ्या रुग्णालयाच्या वेदनाशमन विभागात येणाऱ्या ३०० कर्करुग्णांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांचे तीन गट आढळले. ईश्वरावर विश्वास ठेवून निश्चिंत असलेले सुमारे ४६ टक्के, श्रद्धेला घट्ट धरून राहिलेले सुमारे ३६ टक्के आणि आध्यात्मिक दृष्ट्या व्यथित असलेले सुमारे १७ टक्के. म्हणजे भारतीय रुग्ण श्रद्धाळू असतो, त्याला या बाबतीत कोणाच्या मदतीची गरज नाही, हे गृहीतक दर सहा रुग्णांमागे एकाच्या बाबतीत तरी चुकीचे ठरते. ज्याला देवाशी भांडायचे आहे, पण भांडण उघड करण्याची लाज वाटते, तो रुग्ण सर्वांत एकाकी असतो.

या एकाकीपणात कुटुंबाच्या मायेचाही वाटा असतो, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडे रोगाचे नाव रुग्णापासून लपविण्याची पद्धत सर्वदूर आहे. ‘त्यांना सांगू नका, खचून जातील’ असे मुले डॉक्टरांना बाहेर बोलावून सांगतात. रुग्णाला बहुतेक वेळा कळलेले असते. पण मुलांना वाईट वाटू नये म्हणून तोही कळले नाही असे दाखवितो. परिणामी काशीला जाऊन येणे, मुलीशी झालेला अबोला मिटविणे, जमिनीची वाटणी, कन्फेशन, हजची राहून गेलेली इच्छा यांपैकी काहीच बोलता येत नाही. कॅथलिक पंथात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करण्याचा संस्कार द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२ पासून, केवळ मरणासन्नांसाठी न राहता गंभीर आजारी असलेल्या कोणासाठीही खुला करण्यात आला. तरीही धर्मगुरू दारात दिसताच रुग्ण घाबरेल म्हणून त्यांना शेवटच्या घटकेपर्यंत न बोलाविणारी घरे आहेत. गंगाजल आणि तुळशीपत्र यांचेही तसेच.

मॉर्फीन आणि अंतकाळचे स्मरण

अंतकाळी मुखात देवाचे नाव असावे ही हिंदू, शीख, जैन, बौद्ध, मुस्लिम आणि ख्रिस्ती या सर्वच परंपरांत वेगवेगळ्या रूपांत आढळणारी आकांक्षा आहे. याच आकांक्षेपोटी अनेक रुग्ण मॉर्फीन नाकारतात. औषधाने गुंगी येईल, शुद्ध हरपेल आणि शेवटच्या क्षणी नाम घेता येणार नाही, अशी त्यांना भीती वाटते. काहींची समजूत अशी की वेदना हेच प्रारब्धाचे देणे असून ती औषधाने दाबली तर देणे पुढच्या जन्मावर जाईल. ही भूमिका हसून उडवून लावण्याजोगी नाही. तिच्यामागे रुग्णाचे जीवनविषयक आकलन असते.

तथापि, वैद्यकीय वस्तुस्थिती त्याच्यापुढे ठेवणे आवश्यक आहे. तोंडाने घ्यावयाचे मॉर्फीन योग्य मात्रेत, हळूहळू वाढवीत दिले तर सुरुवातीची सुस्ती बहुतेकांत काही दिवसांत कमी होते. मात्र बद्धकोष्ठ होतो आणि त्यासाठी रेचक सोबतच द्यावे लागते. उलट, तीव्र वेदनेत तळमळणारा माणूस जपाची एक माळही पुरी करू शकत नाही. चित्त एकाग्र होण्यास वेदनेपासून थोडी तरी मोकळीक लागते. हे समजावून सांगितल्यावर अनेक रुग्ण औषध स्वीकारतात. ज्यांना दिवसाच्या विशिष्ट वेळी मन अधिक जागे हवे असते त्यांच्यासाठी मात्रा आणि वेळ यांची जुळवाजुळव करता येते. आणि सर्व समजूनही कोणी औषध नाकारले, तर तो निर्णय त्याचाच राहतो.

अफूची कायदेशीर लागवड करणाऱ्या मोजक्या देशांत भारताचा समावेश होतो. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातील शेतकरी परवान्याने ती पिकवितात. तरी अंमली औषधीद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ मधील कडक तरतुदी आणि राज्याराज्यांतील वेगवेगळे परवाने यांमुळे देशातील बहुसंख्य कर्करुग्णांपर्यंत मॉर्फीन दीर्घकाळ पोचलेच नाही. २०१४ साली या कायद्यात दुरुस्ती होऊन अत्यावश्यक अंमली औषधांचा वेगळा वर्ग निर्माण करण्यात आला आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी प्रक्रिया सुलभ झाली. परंतु जिल्हा पातळीवर औषध ठेवण्यास धजावणारा आणि ते लिहून देण्याचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर हवा, ही अडचण कायद्याने सुटत नाही. वेदनाशामक उपलब्ध नसताना रुग्णाला नामस्मरणाचा सल्ला देणे हा अध्यात्माचा दुरुपयोग होय.

संशोधन काय सांगते

प्रार्थनेने कर्करोग बरा होतो असा पुरावा नाही. दुसऱ्यांनी दूर बसून केलेल्या प्रार्थनेचा परिणाम तपासणारा सर्वांत मोठा प्रयोग कर्करुग्णांवर नव्हे, हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांवर अमेरिकेत झाला आणि २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली त्यांच्यात गुंतागुंत कमी आढळली नाही. आपल्यासाठी नक्की प्रार्थना होत आहे हे ज्यांना ठाऊक होते, त्यांच्यात ती ५९ टक्के, म्हणजे इतर दोन गटांपेक्षा काहीशी अधिकच होती. असे का व्हावे याविषयी तर्क पुष्कळ झाले. आपली प्रकृती इतकी बिकट आहे काय, अशी शंका रुग्णांच्या मनात आली असावी, हा त्यांपैकी एक.

स्वतःच्या आध्यात्मिक स्वास्थ्याविषयीचे चित्र वेगळे आहे. २०१५ साली एका आंतरराष्ट्रीय कर्करोगविषयक नियतकालिकाने ४४ हजारांहून अधिक रुग्णांवरील उपलब्ध अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. ज्यांना मनःशांती आणि जीवनाचा अर्थ जाणवत होता त्यांनी आपली शारीरिक व मानसिक स्थिती अधिक चांगली असल्याचे सांगितले. किती वेळा प्रार्थना केली किंवा किती वेळा उपासनास्थळी गेले, यांपेक्षा हा अंतरीचा भाव अधिक महत्त्वाचा ठरला. अर्थात प्रकृती बरी आहे म्हणून मन शांत, की मन शांत म्हणून प्रकृती बरी, हे अशा अभ्यासांतून निर्विवादपणे ठरविता येत नाही. अमेरिकेतीलच आणखी एका अभ्यासात (२००९) श्रद्धेच्या आधाराने रोगाला तोंड देणाऱ्या रुग्णांना शेवटच्या आठवड्यात कृत्रिम श्वसनयंत्रासारखे उपचार अधिक प्रमाणात दिले गेल्याचे दिसले. चमत्काराची आशा सोडावयाची नसते हे त्यामागचे एक संभाव्य कारण. मात्र जेथे डॉक्टर-परिचारिकांनीच रुग्णाच्या आध्यात्मिक गरजांची दखल घेतली, तेथे रुग्ण अतिदक्षता विभागाऐवजी हॉस्पिसची शुश्रूषा अधिक स्वीकारताना आढळले. हे निष्कर्ष अमेरिकेचे आहेत, भारतात ते जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत.

श्रद्धेचा व्यापार हा आपल्याकडील वेगळाच प्रश्न आहे. स्तनातील गाठ घेऊन बाबा-बुवांकडे सहा महिने घालविणाऱ्या स्त्रीचा रोग त्या सहा महिन्यांत थांबून राहत नाही. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना बंदी आहे. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. कायदे आवश्यक आहेतच. पण रुग्णालयात ज्याची कोणी विचारपूस करीत नाही, तो विचारपूस करणाऱ्या भोंदूकडे वळतो हेही तितकेच खरे. अंगारा लावतो असे रुग्णाने सांगितल्यावर रागावणारा डॉक्टर पुढच्या वेळी त्याच्याकडून काहीच ऐकत नाही. अंगारा लावा, पण सोमवारचा किरणोपचार चुकवू नका, असे म्हणणाऱ्याकडे रुग्ण पुन्हा येतो.

विचारणार कोण?

भारतातील बहुतेक सरकारी रुग्णालयांत या कामासाठी स्वतंत्र व्यक्ती नसते. वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या संस्थांत धर्मसेवा विभाग आहे. मुंबईत वांद्रे येथे टाटा रुग्णालयातील शल्यचिकित्सक डॉ. लुईस जोस डिसोझा यांच्या पुढाकाराने १९८६ साली शांती आवेदना आश्रम हे देशातील पहिले हॉस्पिस सुरू झाले. गोवा आणि दिल्ली येथेही त्याच्या शाखा निघाल्या. तेथील शुश्रूषा ख्रिस्ती भगिनी करतात आणि रुग्ण सर्व धर्मांचे असतात. दिल्लीत १९९६ साली स्थापन झालेली कॅनसपोर्ट ही संस्था कर्करोगातून बऱ्या झालेल्या हरमाला गुप्ता यांनी उभी केली. डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशक यांची तिची पथके रुग्णांच्या घरी जातात. घरी गेल्यावर भिंतीवरची तसबीर दिसते, कोनाड्यातील विझलेली समई दिसते. बाह्यरुग्ण विभागात हे कधीच दिसत नाही.

व्यापक प्रयोग केरळचा. कालिकत येथे १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आदींनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी स्थापन केली आणि पुढे गावोगावच्या स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले. शिक्षक, विद्यार्थी, दुकानदार, गृहिणी यांना काही तासांचे प्रशिक्षण देऊन शेजारच्या दीर्घकालीन रुग्णांची जबाबदारी देण्यात आली. निधीचा मोठा भाग लोकांच्या लहान लहान देणग्यांतून जमला. २००८ साली केरळ शासनाने उपशामक शुश्रूषेचे स्वतंत्र धोरण जाहीर केले आणि ग्रामपंचायतींमार्फत परिचारिकांच्या गृहभेटी सुरू झाल्या. मुस्लिम घरात हिंदू स्वयंसेविका आणि ख्रिस्ती घरात मुस्लिम स्वयंसेवक जाणे तेथे नवलाचे नाही. आपल्या धर्माचा प्रचार न करणे आणि रुग्णाच्या श्रद्धेवर टीका न करणे ही अशा कामाची पहिली अट आहे. जो नास्तिक आहे त्याच्या उशाशी स्तोत्र लावून ठेवणे हीसुद्धा एक बळजबरीच आहे.

मिझोरममध्ये ही गोष्ट समाजाच्या रचनेतच आहे. २०१२ ते २०१६ या काळातील नोंदींनुसार पुरुषांमधील कर्करोगाचे प्रमाण देशात सर्वाधिक, दर लाखामागे २६९ इतके, ऐझॉल जिल्ह्यात होते. तेथे चर्च आणि यंग मिझो असोसिएशन यांचे स्वयंसेवक घरात मृत्यू झाल्यावर रात्र जागवितात, कबर खणतात, शोकाकुल घरात बसून गातात. कुटुंबाला एकटे सोडायचे नाही हा दंडक आहे. बाहेरगावी उपचारासाठी गेलेला मिझो रुग्ण त्यामुळेच अधिक हळवा होतो, कारण दिल्ली-मुंबईच्या वॉर्डात रात्री गाणारे कोणी नसते.

केंद्र शासनाने २०१२ साली राष्ट्रीय उपशामक शुश्रूषा कार्यक्रम आखला, २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात या शुश्रूषेचा समावेश झाला आणि आयुष्मान भारत योजनेतील आरोग्य केंद्रांत द्यावयाच्या सेवांमध्येही तिला स्थान मिळाले. आध्यात्मिक स्वास्थ्यासाठी त्यात वेगळी यंत्रणा किंवा फार मोठा खर्च लागतो असे नाही. केसपेपरवर धर्माचा रकाना छापलेला असतो आणि तो भरलाही जातो. त्यापुढे मात्र काही विचारले जात नाही. आजारपणात तुम्हाला आधार कशाचा वाटतो, कोणती गोष्ट करावयाची राहून गेली आहे, तुमच्या पूजेअर्चेत, नमाजेत या आजारामुळे काही अडते आहे का, हे तीन प्रश्न आरोग्यसेविका किंवा आशा कार्यकर्तीही विचारू शकते. उत्तर देण्याची सक्ती नसावी.

त्या उत्तरांवरून कधी कधी केवळ घड्याळ बदलावे लागते. तोंडावाटे घ्यावयाचे साधे मॉर्फीन दर चार तासांनी द्यावे लागते आणि त्याचा परिणाम सुमारे अर्ध्या तासाने जाणवू लागतो. जो रुग्ण पहाटे पाचला उठून हरिपाठ म्हणतो त्याची मात्रा सहाऐवजी साडेचारला ठेवावी. फजरच्या नमाजेची वेळ ऋतूप्रमाणे सरकते, तिच्याबरोबर मात्रेची वेळही सरकवावी. घरी जाणाऱ्या परिचारिकेने औषधांच्या तक्त्यावर या वेळा पेनाने लिहून द्याव्यात.